बस सुटल्यावर चालकाने बोलू नये

सोमवार, २ तारीख

आज माझ्याच स्वयंपाकघरात माझ्यावर खटला चालला. फिर्यादी माझी थोरली बहीण, ताई; साक्षीदार ताई आणि न्यायाधीशही ताईच. नवऱ्याला जहाजावरून फोनवर हजर केलं होतं. तो इंजिनरूममधला माणूस, बोलतो कमी आणि खाकरतो जास्त.

आरोप खरा आहे, हे आधी लिहून टाकते. शुक्रवारी भिंगरीला शाळेतून आणायला मी वेळेत निघाले होते. वेळेत! कोपऱ्यावर आमच्या इस्पितळाच्या धुलाई विभागातल्या दोघी भेटल्या. एकीच्या बोटात चादरीत राहिलेली सुई घुसली होती, आणि इस्पितळाने तिलाच सुनावलं होतं की लक्ष देऊन काम करत जा. माझं डोकं भणाणलं. मी बोलायला लागले. माणसं जमली. मी कठड्यावर चढले. कामगाराच्या बोटाची किंमत काय, यावर मी आयुष्यातलं एक उत्तम भाषण ठोकलं. टाळ्या थांबल्या तेव्हा मला आठवलं, मी कुठे निघाले होते ते.

शाळा बंद झाली होती. भिंगरी जिन्याखाली दप्तर डोक्यावर धरून बसली होती. शाळेचा शिपाई तिच्यापासून जरा लांब, जमिनीवर, नुसता बसून होता. त्याने तिला हात लावला नाही, चुचकारलं नाही. हे त्याचे उपकार मी विसरणार नाही. (बाकी सगळं विसरले तरी.)

भिंगरी नऊ वर्षांची. तिला ऑटिझम आहे. आनंद झाला की जागच्या जागी गिरक्या घेते, म्हणून भिंगरी. रोजच्या गोष्टी रोजच्या क्रमाने झाल्या नाहीत तर तिचं जग कोसळतं. आणि तिला आई मिळाली ती अशी, जिला कालचा क्रम आज आठवत नाही. तिला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी गेल्या वर्षी सहज मलाही चार प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, “तुम्हाला एडीएचडी आहे. लहानपणापासून असणार.”

“म्हणजे नेमकं काय?”

“काम काय आहे ते तुम्हाला कळतं. पण सुरुवात कुठून करायची, पुढे काय, कधी थांबायचं, हे सांगणारी यंत्रणा ढिली आहे.”

“म्हणजे डोक्यातला मुकादम रजेवर.”

“कायमचा,” त्या हसून म्हणाल्या.

तर, ताईचा निकाल. “शाळेला सुट्टी लागेपर्यंत मी इथे राहते. बघते. जमलं तर ठीक, नाहीतर भिंगरीला मी घेऊन जाते. तिकडे शाळा आहे, मी आहे, सगळं वेळच्या वेळी आहे. तू येत जा सुट्टीला.”

फोनमधून नवरा म्हणाला, “ताई म्हणतात ते… म्हणजे तसं बघायला गेलं तर…”

मग मी बोलले. सगळं जग एकाच घडणीच्या मेंदूसाठी बांधायचं, आणि ज्यांना त्या दारातून आत जाता येत नाही त्यांनाच वाकडं ठरवायचं, ही कुठली रीत? दार रुंद करायला कुणाचे हात धरलेत? आईपण म्हणजे घड्याळाची चाकरी नव्हे! वगैरे. मी म्हणते ते बरोबरच होतं.

ताईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “झालं? दूध उतू गेलंय.”

गेलं होतं.

बुधवार, ४ तारीख

लढाईला हत्यार लागतं. पाच गजराची घड्याळं आणली. जुन्या धाटणीची, डोक्यावर दोन वाट्या आणि मधे हातोडी. पलंगाशी एक, मोरीत एक, ओट्यावर एक, चपलांच्या फळीवर एक, दाराशी एक. प्रत्येक घड्याळ आपापलं काम पुकारेल. माणसाने यंत्राला राबवावं, यंत्राने माणसाला नव्हे!

ताई म्हणाली, “घर आहे की अग्निशामक केंद्र?”

शुक्रवार, ६ तारीख

विजय. दोन्ही दिवस शाळेत वेळेवर पोचलो. ताईची भुवई वर गेली ती अजून खाली आलेली नाही.

सकाळचं दृश्य लिहून ठेवते, कारण मला अभिमान वाटला. भिंगरीला शहर बसमधला तो ध्वनिमुद्रित आवाज फार आवडतो, थांबे पुकारणारा. हुबेहूब काढते. डोळे उघडल्यापासून तिची बस सुरू. “पुढील थांबा, दात.” मी ब्रश दिला. “पुढील थांबा, गणवेश. बटणे खालून वर.” “पुढील थांबा, डबा. डब्याचे झाकण तपासावे.” मी झाकण तपासलं, लागलेलं नव्हतं. “पुढील थांबा, मोजे. आधी उजवा.” अशी बडबड करत पोर शेवटच्या थांब्यापर्यंत आली आणि दारात गिरकी घेतली.

घड्याळांनी कमाल केली आहे. त्यांचा आवाजही आता मला जाणवत नाही, इतक्या लवकर सवय झाली. माझ्यासारखीला शिस्त लागत नाही म्हणणाऱ्यांनी येऊन बघावं.

एक बारीकशी कटकट: भिंगरीची केसांची रबरं नाहीशी होतात. नवं पाकीट संपत आलं. घर खातं की काय कोण जाणे.

मंगळवार, १० तारीख

आज दिवसपाळीला धुलाईयंत्रांवर होते. कामावर मी कधी चुकत नाही, हे लोकांना कोडं वाटतं. त्यात कोडं कसलं? यंत्राचं धुणं संपलं की ते घणघणतं: काढ. पिळणी थांबली की पुन्हा घणघणतं: टाक वाळवणीत. प्रेसचा दिवा हिरवा झाला की चादर सरकवायची. तिथे पुढचं काम स्वतःच हाक मारून सांगतं. मला आठवावं लागत नाही, ऐकावं लागतं.

प्रेसवर असतात त्या काकूंना घड्याळांची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, “तू आणि वेळेवर? मग आता हातमोजे पण मिळतील बहुतेक.”

मिळवणारच. जाड हातमोजे, सुई आरपार न जाणारे. २७ तारखेला इस्पितळाचे व्यवस्थापक आवारात सभेला येतायत. बोलणार मी.

शनिवार, १४ तारीख

ताईशी वाजलं.

“ते बसचं खूळ बंद कर,” ती म्हणाली.

“खूळ काय त्यात? तिचा तो आनंद आहे.”

“आनंद घरात. आज जिन्यात समोरच्या बाईंनी तिची नक्कल केली. ‘पुढील थांबा, वेड्यांचा बाजार.’ आणि ही त्यांच्याकडे बघत उभी. तिला कळलं नाही गं, पण मला कळलं. मला नाही सहन होत.”

ताईचा आवाज फाटला. ताईचा आवाज कधी फाटत नाही.

मी समोरच्या बाईंचं दार ठोठावायला निघाले होते. ताईने पदर धरून ओढलं. मग म्हणाली, “तू दहा भाषणं देशील. पण लोकांत तिला एकटीलाच राहायचंय. माणसासारखं बोलायला शिकव तिला.”

मी म्हणायला हवं होतं की माणसासारखं म्हणजे कुणासारखं? जिन्यातल्या त्या माणसासारखं? हे मला आत्ता सुचतंय. तेव्हा मला फक्त एवढंच दिसलं की ताई मला जोखते आहे, आणि चांगली आई बहुधा अशा वेळी ऐकते. शिवाय घड्याळं आहेतच की. बसवाचून काय अडणार?

“सकाळची बस बंद,” मी भिंगरीला सांगितलं.

“का?”

“संप आहे.”

“मागण्या काय आहेत?”

हा प्रश्न मला जन्मात पहिल्यांदा अडचणीचा वाटला. “अजून ठरल्या नाहीत.”

“मागण्यांशिवाय संप नसतो. तूच सांगितलंस.” आणि ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

बुधवार, १८ तारीख

सोमवारी उशीर. काल उशीर. आज विचारू नये.

ब्रश फ्रिजमध्ये सापडला. बूट पुसायला जुनं वर्तमानपत्र पसरलं तर त्यात कालवा खोदणाऱ्या मजुरांवर पानभर मजकूर होता. माणसांनी हातांनी डोंगर फोडला आणि कोनशिलेवर नाव दुसऱ्याचंच! वाचून मान वर केली तेव्हा सूर्य खिडकीच्या या टोकाचा त्या टोकाला गेलेला. डबा रिकामाच, झाकण मात्र घट्ट.

भिंगरी पलंगावर बसून होती. एका पायात मोजा, दुसरा हातात. ओठ मिटलेले. ती कशाची तरी वाट बघत होती. कशाची ते मला कळलं नाही. मी म्हटलं, “घाल ना गं बाई, चल, उठ, आज तर महत्त्वाचं गणित आहे ना, आणि बघ, बाहेर किती छान ऊन पडलंय…” जितकं बोलले तितकी ती आक्रसत गेली.

वर्ग सुरू झाल्यावर आत शिरावं लागलं की ती बाकाखाली जाते. आज गेली.

घड्याळं आहेत तशीच आहेत. बिघाड माझ्यातच आहे.

शुक्रवार, २० तारीख

आज ताईने सगळं केलं. दात, वेणी, डबा, बूट. दहा बोटं आणि एक शब्द नाही. वेळेवर पोचली.

“किती शहाणी पोर आहे बघ,” ताई म्हणाली. “चकार शब्द नाही.”

खरंच चकार शब्द नाही. गिरकीही नाही.

रविवार, २२ तारीख

दुपारी मी हरले. ताईला म्हटलं, “घेऊन जा तिला.”

मला वाटलं होतं ती जिंकल्यासारखी दिसेल. तिने नुसती कपाटावरची पिशवी काढली, झटकली आणि उघडून धरली. मी भिंगरीचे कपडे आणायला गेले आणि ते पलंगभर पसरून मधेच बसले. आधी काय भरायचं तेही कळेना. निरोपाचीसुद्धा सुरुवात कुठून करायची ते मला कळत नाही.

ताई आत आली, घड्या घालायला लागली. “ती तुझी घड्याळं मात्र राहू देत इथेच. शोभेची.”

“शोभेची कशाने? पहिला आठवडा त्यांनीच तर चालवला.”

“कुणी? अगं, आणलीस त्या दिवसापासून एकही वाजलेलं मी ऐकलं नाही. मला वाटलं, तूच बंद केलीस.”

मी उठले. पलंगाशी असलेलं घड्याळ उचललं. हातोडीला काळं रबर गुंडाळलेलं, केसांचं, पक्कं. मोरीतलं बघितलं: निळं रबर. ओटा, फळी, दार. पाचही हातोड्या बांधलेल्या, किती नीट! एकीचाही वेढा ढिला नाही.

भिंगरी दारात उभी होती.

“कधी केलंस हे?”

“आणलीस तेव्हाच. घंटा कानाला चावते.”

“मग मला कोण सांगत होतं गं, पुढे काय ते?”

तिने माझ्या खांद्यामागच्या भिंतीकडे बघितलं, आईने फारच सोपा प्रश्न विचारल्यासारखं. “बस.”

मी खाली बसले. कपड्यांवरच बसले.

कामावर पुढचं काम हाक मारतं म्हणून मी चुकत नाही, हे मीच लिहिलंय ना! घरातही हाक मारणारं कुणी होतं. नऊ वर्षांचं होतं. क्रम तिच्याकडे होता, हात माझे होते, आणि आमचं घर चालत होतं. आणि मी काय केलं? जिच्या जोरावर कारखाना चालत होता तिलाच गप्प बसवलं, आणि श्रेय दिलं फळीवरच्या लोखंडाला. मालक याहून वेगळं काय करतात? वीस वर्षं ज्यांच्याविरुद्ध घसा फोडला, त्यांचीच खुर्ची मी घरात मांडली होती.

बोलती बंद व्हावी असे प्रसंग माझ्या आयुष्यात थोडे. हा एक.

संध्याकाळी मी भिंगरीला अधिकृतपणे वाटाघाटींना बोलावलं. टेबलाच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला मी. ताई निरीक्षक. पिशवी अर्धी भरलेली, कोपऱ्यात.

“मागण्या सांगा,” मी म्हटलं.

“एक. घंटा नको.”

“मान्य.”

“दोन. बस सुटल्यावर चालकाने बोलू नये.”

“चालक कोण?”

“तू.”

“मी? मला वाटलं, मी प्रवासी.”

“प्रवासी मी. आवाज पण मी. चालवतेस तू. तू बोललीस की मला पुढचा थांबा दिसत नाही. तुलापण दिसत नाही.”

इतकं लांब ती कधी बोलत नाही. मला हुंदका आला तो मी गिळला, कारण वाटाघाटीत रडायचं नसतं.

“दाराबाहेर पडेपर्यंत एक शब्दही नाही?”

“एकही नाही.”

निरीक्षक बाईंनी टेबलावर डोकं टेकलं होतं. आधी वाटलं, ताई रडतेय. ती हसत होती. “अगं, ही मागणी आमच्या घरात तुझ्या जन्मापासून पडून आहे!”

मी सही केली नाही. शब्द दिला. आमच्यात तोच चालतो.

सोमवार, २३ तारीख

संप मिटला. भिंगरीने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, आणि तो ध्वनिमुद्रित आवाज घरात पुन्हा घुमला. “बस सुटत आहे.”

मी गप्प. लिहायला सोपं आहे. गणवेशापाशी मला एक उत्कृष्ट विनोद सुचला, गिळला. डबा भरताना शिक्षणपद्धतीवर एक जळजळीत वाक्य जिभेवर आलं, तेही गिळलं. आणि मग एक विलक्षण गोष्ट घडली. बोलणं बंद केल्यावर मला माझे हात दिसायला लागले. हातात डबा आहे. झाकण लागलं आहे. डबा दप्तरात जातो आहे. इतकं सरळ होतं हे? इतकी वर्षं माझा आवाजच माझ्या आणि कामाच्या मधे उभा होता?

ताईने कशालाही हात लावला नाही. हाताची घडी घालून दाराला टेकून उभी होती, घडी सोडायची नाही म्हणून स्वतःचीच कोपरं घट्ट धरून.

“शेवटचा थांबा, दार. सर्व प्रवाशांनी उतरावे.” गिरकी. एक नाही, तीन. जिन्यात समोरच्या बाई भेटल्या. भिंगरीने त्यांना पुकारलं, “पुढील थांबा, शाळा. आपण या बसमध्ये नाही.” ताई इतक्या मोठ्याने हसली की बाई आत गेल्या.

शाळेचं फाटक अजून उघडायचं होतं. शिपाई चावी शोधत होता. आम्हाला बघून त्याने स्वतःचं घड्याळ कानाला लावून बघितलं.

शुक्रवार, २७ तारीख

आजचं आजच लिहायचं.

शाळेचा शेवटचा दिवस, लवकर सुटणार. त्याच वेळी आवारात सभा. अगदी त्या शुक्रवारसारखाच सापळा. ताई सकाळी म्हणाली, “मी आणते तिला.” मी म्हटलं, “नाही.” ती म्हणाली, “आज चुकलीस तर पिशवी मी पूर्ण भरेन.” मी म्हटलं, “भर.”

भिंगरीने काल माझ्या फोनमध्ये स्वतःचा आवाज भरून ठेवला होता, गजराच्या जागी. मी फोन खिशात न ठेवता ध्वनिवर्धकाच्या दांड्याला बांधला. काय करणार, खिशातला फोन मला कधी ऐकू आलाय?

आणि मी बोलले. काय बोलले! व्यवस्थापक पुढच्या खुर्चीत, मागे आमच्या सगळ्या बाया, वाफेने सोललेले हात मांडीवर. “तुम्ही म्हणता लक्ष द्या! अहो, चादरीत सुई सोडली ती कुणाच्या लक्षातून सुटली? सुई वर वॉर्डात सुटते आणि रक्त खाली धुलाईत सांडतं! आम्ही दया मागत नाही, आम्ही मागतो ते…”

“पुढील थांबा, शाळा,” सबंध आवारात, चारही कर्ण्यांमधून माझी लेक बोलली. “चालकाने बोलणे थांबवावे.”

हशा उसळला. व्यवस्थापकही हसले. आणि मी, जिने आजवर एक वाक्य अर्धं सोडलेलं नाही, जिला पोलिसांनी कठड्यावरून उतरवलं तेव्हाही जिने क्रियापदापर्यंत जाऊनच तोंड मिटलं, ती मी थांबले. वाक्याच्या मधोमध. दांड्याचा फोन सोडवला, ध्वनिवर्धक प्रेसवाल्या काकूंच्या हातात दिला आणि ॲप्रनसकट पळाले.

मागून काकूंचा आवाज आला, “हातमोजे! हातमोजे मागतो! ती गेली पोरीला आणायला, तुम्ही हो म्हणा म्हणजे आम्हीपण घरी जातो!”

टाळ्या माझ्या पाठीवर पडल्या. मी वळले नाही.

फाटक उघडं होतं. मुलं अजून बाहेर पडत होती. भिंगरी पायरीवर आली, मला बघितलं, दप्तर खाली ठेवलं आणि फिरायला लागली. दोन्ही हात पसरून, तोंड आभाळाकडे. शिपायाने तिच्यासाठी जागा मोकळी करून दिली आणि बाकीच्या मुलांना बाजूने नेलं.

रस्त्यापलीकडे झाडाआड कुणीतरी उभं होतं. हातात रिकामी पिशवी.

“मी भाजी आणायला आले होते,” ताई म्हणाली.

“इकडे भाजी मिळत नाही, ताई.”

“माहितेय.”

कधीची उभी होती, ते मी विचारलं नाही. तिचा चेहरा उन्हाने लाल झाला होता.

शनिवार, २८ तारीख

सकाळी काकूंचा फोन. हातमोजे मंजूर. “तुझ्या तासाभराच्या भाषणाने नाही हं,” त्या म्हणाल्या, “व्यवस्थापक उठून म्हणाले, जी बाई बोलणं सोडून जाऊ शकते तिचं काम खरंच अडलं असणार.” मी इतकी हसले की दूध उतू जायला आलं. भिंगरीने पुकारलं. गेलं नाही.

ताईला सोडायला बसस्थानकावर गेलो. तिचं सामान खिडकीशी, शेजारची जागा रिकामी. नवऱ्याला तिने काल रात्रीच फोनवर सांगितलं होतं, “तुम्ही खाकरणं थांबवा. सगळं ठीक आहे.” पण खिडकीतून भिंगरीकडे बघताना तिने शेजारच्या जागेवर हळूच हात फिरवला. “सुट्टी आहे आता. येतेस चार दिवस? जागा आहे बघ.”

भिंगरीने ती जागा नीट निरखली. मग तो ध्वनिमुद्रित आवाज, सबंध फलाटाला ऐकू जाईल असा:

“पुढील थांबा, मोठ्या मावशीचे घर. या थांब्यावर एकच प्रवासी उतरेल.”

लोक वळून बघायला लागले. कुणी हसलं. ताईने त्या हसणाऱ्याकडे अशी नजर टाकली की तो दुसरीकडे जाऊन उभा राहिला. मग डोळे पुसून ती त्याच थाटात मोठ्याने म्हणाली, “सूचनेबद्दल आभारी आहोत!”

इंजिन सुरू झालं. मला ताईला किती सांगायचं होतं! ती आली म्हणून, ती हसली म्हणून, झाडाआड उन्हात उभी राहिली म्हणून. मी खिडकीशी धावले, छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं.

ताईने ओठांवर बोट ठेवलं.

बस सुटली होती. मी तोंड मिटलं, आणि भिंगरीचा हात धरून हात हलवत राहिले.